पुढे येणाऱ्याला दिलेली फेरी

न्हाव्याच्या दुकानात घणवाला आपला नंबर नेहमी दुसऱ्याला द्यायचा. दाढी झाली की उठावं लागतं, आणि उठून जायचं कुठे, हा निवृत्त माणसाचा प्रश्न. दाराजवळच्या बाकावर बसून तो बोलणाऱ्यांचं ऐकायचा.

चौतीस वर्षं त्यानं कारखान्याच्या लोहारखात्यात घण मारला होता. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आला होता. बोलणं मोजकं, मत पक्कं. कामचुकार माणूस त्याला चालीवरून ओळखू यायचा, आणि तो ते तोंडावर सांगायचा. हाताखालच्या लोकांना त्याचं एकच सांगणं असे, "घाव जागेवर पडला तर काम. नाहीतर नुसता घाम."

त्या सकाळी दुकानात टक्कर आला. मुलीकडे राहायला गेलेला, चार-पाच वर्षांनी दिसत होता. वजन वाढलेलं, पण डोकं खाली घालून आत शिरायची सवय तीच. त्यावरूनच त्याचं नाव पडलं होतं.

"या विजेते!" न्हावी म्हणाला. "तुमचाच खटला चाललाय. एकतीस वर्षं निकाल लागेना."

खटला जुना होता. कारखान्याच्या बॉक्सिंगची अंतिम लढत. एका कोपऱ्यात टक्कर, दुसऱ्यात घणवाल्याचा धाकटा भाऊ. दोघंही भट्टीवरचे. जिंकेल तो कंपनीच्या संघात, आणि संघातला माणूस भट्टीवरून निघून भांडारात, पंख्याखाली. तीन पंचांपैकी एक आयत्या वेळी आजारी पडला, तेव्हा टक्करच्याच माणसांनी घणवाल्याचं नाव पुढे केलं. म्हणाले, हा सख्ख्या भावालाही सोडायचा नाही. ते ऐकून घणवाल्याची छाती फुगली होती.

पहिली फेरी टक्करची, दुसरी धाकट्याची, यावर कुणाचा वाद नव्हता. तिसरीत एक पंच इकडे, एक तिकडे. घणवाल्यानं ती टक्करला दिली.

"चुकीची दिली," खुर्चीतला रंगारी फेसातून म्हणाला. "धाकटा मागे सरकत होता, पण सरकता सरकता तोंडावर देत होता. डावा सरळ. टक, टक."

"मागे सरकणाऱ्याला कसली फेरी?" न्हाव्यानं वस्तरा हवेत धरला. "लढायला आला होता की पाहुणा म्हणून?"

"अरे, ठोसा मोजायचा की पावलं? पावलं मोजायची तर पोस्टमनला कप द्या!"

दुकान हसलं. घणवाला हसला नाही.

"मी सांगू?" टक्कर बाकावर टेकत म्हणाला. "ती फेरी माझी नव्हतीच."

न्हाव्याचा हात थांबला.

"माझे सगळे ठोसे त्याच्या कोपरांवर. दोन दिवस मला घास तोंडाशी नेता येत नव्हता. आणि नाकावर त्याचे इतके बसले की शेवटी शेवटी दोन-दोन धाकटे दिसायला लागले." तो मोकळा हसला. मग घणवाल्याकडे वळला. "तू कशी काय दिलीस रे मला?"

"तू पुढे येत होतास."

"मग काय करणार? मागे राहून मारायची अक्कल नव्हती मला."

पुन्हा हशा झाला. टक्करचं त्यात काही जात नव्हतं. जिल्ह्याच्या पहिल्याच लढतीत तो पडला होता, पण भांडारातली खुर्ची निवृत्तीपर्यंत टिकली होती. धाकटा सव्वीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी उभा राहिला. आता त्याचा उजवा डोळा गेल्यासारखाच होता, आणि दोन मजले चढायला तो तीनदा थांबायचा.

घणवाला नंबर न घेताच उठला.

धाकट्याचं घर दोन गल्ल्या सोडून. येणंजाणं कधी तुटलं नव्हतं. लग्नकार्य, आजारपण, सगळं होत होतं. फक्त त्या लढतीपासून धाकट्यानं त्याला दादा म्हटलं नव्हतं. हाक मारायची वेळ आली की खाकरायचा.

भावजयीनं दार उघडलं. धाकटा खिडकीशी खुर्चीत बसला होता.

"टक्कर आलाय," घणवाला उभ्या उभ्याच म्हणाला. "दुकानात सगळ्यांसमोर बोलला. तिसरी फेरी तुझी होती म्हणाला."

धाकटा बाहेरच बघत राहिला. मग म्हणाला, "तो म्हणाला. तू काय म्हणतोस?"

"तुझीच होती."

भावजय ओट्याशी थबकली.

"मोजलं होतंस?" धाकट्यानं विचारलं. तिन्ही पंच खिशात बोल्टचे नट ठेवून मोजायचे. नीट बसलेल्या प्रत्येक ठोशाला एक नट या खिशातून त्या खिशात.

"दोन फेऱ्या मोजलं. तिसरीत मध्येच सोडलं. तो घाम गाळत पुढे येत होता, तू टाळत होतास. मला वाटलं, कष्ट त्याचे."

"कष्ट." धाकट्याला हसताना खोकला आला. तो ओसरेपर्यंत घणवाला उभाच होता. "टाळायला कष्ट नसतात? तीन महिने पहाटे उठून मागे पळायला शिकलो मी. मागे! लोक हसायचे. घाव जागेवर पडला तर काम, असं जगाला सांगायचास ना तू? मग माझ्या वेळी ऐरणीच्या कडेवर पडलेले घाव मोजलेस?"

भाऊ म्हणून एक ठोसा जास्त द्यायचा नाही, एवढ्या धास्तीनं घणवाल्यानं सगळेच कमी दिले होते. हेही सांगायला हवं होतं.

"ठीक आहे, चुकलास," धाकटा म्हणाला. आवाज एकदम उतरला होता. "माणूस चुकतो. एकच सांग. कळलं कधी? आज, तो बोलल्यावर?"

'हो' म्हणणं सोपं होतं. भावजयही त्याच्याकडे अशी बघत होती की तिला 'हो' चालणार होतं. दोघं भाऊ म्हातारे झाले होते. एका शब्दात सगळं मिटलं असतं.

"दुसऱ्या दिवशी," घणवाला म्हणाला. "पहिल्या पाळीला, घण मारता मारता."

"तक्रारीची मुदत आठ दिवस होती."

"माहीत होतं."

"मग?"

"सगळे म्हणत होते, पंच असावा तर असा. साहेबांनी बोलावून पाठ थोपटली. ऐकायला बरं वाटत होतं."

धाकट्यानं चांगला डोळा त्याच्याकडे वळवला. "इतकी वर्षं मी हिला सांगत आलो," तो म्हणाला, "त्याला खरंच तसं दिसलं असेल. तो लबाड नाही. ही भांडायची, मी तुझी बाजू घ्यायचो."

भावजयीनं पदरानं हात पुसले. हात कोरडेच होते.

"बसा म्हणू का यांना?" तिनं नवऱ्याला विचारलं.

खुर्ची ओढून धाकट्यानं खिडकीकडे तोंड केलं.

बाहेर येऊन दार घणवाल्यानं स्वतःच ओढून घेतलं, आवाज होणार नाही असं.