वाऱ्याची नांगरट

शेजारच्या घरात सुका बांगडा भाजायला घेतला की मला घाटंजीचा बाजार आठवतो. साठ-एकसष्टची गोष्ट, मी तिथे शाळेत भूगोलाची बाई म्हणून नवीनच लागले होते. त्या वर्षी सुकी मासळी विकणारीच्या टोपलीत नुसती सुकट होती, बांगडा नव्हता, आणि बाया तिच्यावर तुटून पडल्या होत्या. "राजूरचे खाणवाले जास्त पैसे देतेत, त्यायच्यासाठी बांगडा दडवून ठेवला इनं," म्हणत एकीनं टोपली उलटायला हात घातला. मी मध्ये पडले. पावसाळ्यात वारा जोरानं वाहिला की समुद्राच्या खालचं गार पाणी वर येतं, बांगड्याचं खाद्य वाढतं आणि थवे किनाऱ्याशी येतात. यंदा वारा नरम, म्हणून ते दुसरीकडे गेले, असं मी वर्गातल्यासारखं ठणकावून सांगितलं. कोणी ऐकेना. शेजारी बसलेल्या लमाण तांड्यावरच्या म्हातारीनं तेवढं विचारलं, "मंग मासा खालीच जाऊन कायले खात नाही, बाई?" मी म्हटलं, "आजी, खाली खत आहे, पण ऊन नाही. खत वर येऊन त्याला ऊन लागलं, तरच पीक." म्हातारी बायांकडे वळली. "त्या मासळीवालीले काहून बोलून राह्यल्या? औंदा वाऱ्यानं समुद्र नांगरलाच नाही. खालची माती वर आल्याबिगर तुमच्या वावरात तरी पिकते का?" टोपलीवरचा हात निघाला. त्याच हातानं त्या बाईनं सुकट मागितली. निवृत्त होईपर्यंत तो धडा मी म्हातारीच्याच शब्दांत शिकवला. समुद्र तिनं पाहिला नव्हता. मी तर अजूनही पाहिलेला नाही.