वळूला ताकाची अंघोळ

लातूरला आमच्या प्रयोगशाळेत वळूचं वीर्य बारीक कांड्यांत भरून गोठवतात, आणि मी दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसते. मागच्या वर्षी देवणीकडचे एक मामा आपला म्हातारा वळू टेम्पोतून आणू लागले. जनावर जातिवंत, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. पण गोठवलं की त्याच्या वीर्यातले शुक्राणू मरायचे, आणि मागचे पाय इतके गेलेले की वीर्य घेण्यासाठी माराव्या लागणाऱ्या आणखी एक-दोन उड्यांपलीकडे तो टिकेल असं वाटत नव्हतं. त्याचा वंश राहावा, एवढंच मामांचं मागणं होतं.

वीर्यासोबत इतर जंतूही कांडीत शिरतात. त्यांना आवरायला आम्ही नेहमी औषध घालतो. तेव्हा त्याऐवजी दह्यात असतात तसले उपकारक जिवाणू घालून बघत होतो. मामांना मी हे विरजणाच्या भाषेत समजावलं. त्यांनी मान डोलावली. काय सोपं करून सांगते मी, असं मलाच वाटलं.

पुढच्या खेपेला वळूच्या अंगाला आंबूस वास. निघायच्या आधी मामांनी त्याला घरच्या ताकानं अंघोळ घातली होती, पोटाखाली तर दोनदा चोळून. ताकातलं नाही नाही ते नमुन्यात उतरलं आणि एक उडी फुकट गेली. मी फार चिडले. मामा टोपी हातात धरून उभे होते. इतक्या मायेनं केलेल्या कामावर चिडणं मलाही बोचत होतं, पण त्या जनावराचे थरथरणारे पाय बघून राग आवरेना.

नंतर मामा त्याला नुसत्या पाण्यानं धुऊन घेऊन आले. कशीबशी उडी झाली. जिवाणू अगदी मोजून घातले, कारण जास्त झाले तर तेच वीर्य आंबवून मारतात. वळू खाली बसला तो उठलाच नाही; मामा रात्री तिथंच त्याच्यापाशी झोपले. सकाळी गोठवलेली एक कांडी कोमट पाण्यात सोडून थेंब काचेवर घेतला. बरेचसे शुक्राणू निपचित होते, थोडे मात्र सरळ पळत होते. जिवाणूंची करामत की नशीब, ते एका नमुन्यावरून मला आजही सांगता येणार नाही.

मामांना बोलावून दाखवलं. आणखी एक उडी मिळाली तर कांड्या वाढतील, असंही सांगितलं. ते बराच वेळ वाकून बघत होते.

"हे पळायलेत ते त्याचेच ना, मॅडम?"

"हो मामा, त्याचेच."

"मंग बास. आता त्याला उठवू नका."