वाया गेलेला श्वास

मुलांनो, तुमच्या आजोबांचा आजार उशिरा कळला, एवढंच तुम्हाला माहीत आहे. फोनवर तेवढंच सांगता येतं, आणि सांगणारी मीच होते. उशीर कसा झाला ते मी कुणालाच नीट सांगितलेलं नाही. आता तुम्ही मोठे झालात, म्हणून क्रमानं लिहिते.

आजोबांना खोकला होता. चिकलठाण्याच्या कारखान्यात त्यांनी सारं आयुष्य लोखंड घासण्याच्या धुळीत काढलं, आणि चाळिशीपर्यंत बिडीही ओढली. औरंगपुऱ्यातले आमचे डॉक्टर ॲलर्जी म्हणायचे आणि औषध बदलून द्यायचे. मी प्रत्येक चिठ्ठी तारखेप्रमाणे फाइलीला लावत होते. फाइल जाड होत गेली, खोकला तसाच राहिला.

त्या सुमारास शेजारणीनं सांगितलं की एका मोठ्या इस्पितळात श्वासावर संशोधन चालू आहे. आपण एका पिशवीत फुंकायचं आणि ती पिशवी यंत्राला जोडायची. यंत्रात वायू ओळखणारे बारीक सेन्सर असतात. शरीरात आजार असला की श्वासातले वायू थोडे बदलतात, आणि डॉक्टरांच्या लक्षात येण्याआधी ते सेन्सरला कळावेत, अशी त्या लोकांची आशा होती. यंत्राचा अभ्यास अजून पुरा झाला नव्हता. पण ज्याचा श्वास संशयास्पद वाटेल, त्याचं सीटी स्कॅन ते तिथंच, लगेच करून देणार होते. आम्हाला ते स्कॅन हवं होतं.

सूचनांचा कागद इंग्रजीत होता. मी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, तरी तो दोनदा वाचला. सकाळपासून साध्या पाण्याशिवाय काही खायचं-प्यायचं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

आता लवंगेचं सांगायला हवं. आपण बौद्ध. माझी आई अजिंठ्याकडच्या ज्या शाळेत गेली, तिथं आमच्या वस्तीतल्या मुलांना दाराशी बसवत. मास्तर म्हणत, ह्यांचा वास येतो. आईची शाळा दुसरीत सुटली. पुढं तिनं आम्हा भावंडांना एक शिस्त लावली. चार माणसांत जायचं तर अंग घासून आंघोळ, इस्त्रीचे कपडे आणि दाढेत लवंग. परीक्षेला, मुलाखतीला, लग्नाला, सगळीकडे. नाकाला रुमाल लावायची संधी कुणाला द्यायची नाही, असं ती म्हणायची. लग्नानंतर ती शिस्त मी आजोबांना लावली. ते दौलताबादजवळच्या खेड्यातले, मोकळे. "बायको नाय, इन्स्पेक्टर आणली घरात," असं सगळ्यांना सांगायचे, आणि लवंग घ्यायचे.

काही महिन्यांपासून त्यांच्या श्वासाला वेगळाच वास येऊ लागला होता. शेजारी झोपणाऱ्या माणसाला तो कळतोच. मी त्यांना त्याबद्दल सांगितलं नाही, डॉक्टरांनाही नाही. असलं काही बाहेर सांगायला माझी जीभच वळत नसे. त्या दिवशी रिक्षात बसण्याआधी मी त्यांच्या हातावर दोन लवंगा ठेवल्या.

"आज कायी खायचं नाय ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, लवंग म्हणजे काय खाणं झालं का? आमच्या घरी कुणीच लवंगेला खाणं मानलेलं नाही. शिवाय परक्या माणसांसमोर तोंड उघडून फुंकायचं होतं. यंत्राला जे हुंगायचं होतं, तेच मी झाकून पाठवत होते. माझ्या हे ध्यानात यायला हवं होतं.

तिथं एक तरुण इंजिनिअर मुलगी होती, लातूरकडची, तोंडाला मास्क लावलेली. तिनं आजोबांना फुंकायचं कसं ते दाखवलं. त्यांनी डोळे मोठे करून लहान मुलासारखे गाल फुगवले, तशी ती हसली. पिशवी भरली. तिनं ती यंत्राला जोडली, पडद्याकडे पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आजी, बाबांच्या श्वासात कसला तरी उग्र वास आहे. सकाळी काही तोंडात घेतलं होतं का?"

ती पडद्यावरच्या रेघेबद्दल बोलत होती. मास्कमधून तिला कसला वास येणार होता? पण मला पुढचं नीट ऐकूच आलं नाही. उग्र वास एवढंच कानात राहिलं, आणि कान तापले. मी पाठ ताठ केली आणि म्हटलं, "नथिंग ॲट ऑल." हातात नीट लावलेली फाइल, अंगावर स्टार्चची साडी, वर हे इंग्रजी. तिनं लगेच विश्वास ठेवला. आजोबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून बुटांकडे बघत बसले.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. नमुना नीट आला नाही, बाबांना पुन्हा घेऊन या. नंतर आणखी दोनदा आला. आजोबा म्हणाले, "जाऊ की. पोरगी एवढं बोलवती तर." मी म्हटलं, तो नुसता प्रयोग आहे, पुन्हा उंदीर व्हायला जायचंय का? खरं कारण वेगळं होतं. पुन्हा गेलो असतो तर लवंगेचं कबूल करावं लागलं असतं, किंवा लवंगेशिवाय त्यांचा श्वास तिच्यासमोर ठेवावा लागला असता. तिचा चौथा फोन मी उचलला नाही.

साडेचार महिन्यांनी बेसिनमध्ये रक्त दिसलं. तेव्हा स्कॅन झालं. कॅन्सर फुप्फुसातून यकृतात गेला होता. डॉक्टरांनी आजोबांना बाहेर बसवून मला आत बोलावलं, आणि आता त्रास कमी ठेवायचा, एवढंच आपल्या हातात आहे, असं सांगितलं.

त्यानंतर मी एकटी त्या मुलीकडे गेले. तिनं नोंद उघडली. आजोबांच्या नमुन्यापुढं कारण अज्ञात असं लिहिलं होतं. मी तिला लवंगेचं सांगितलं, आणि मी खोटं बोलले तेही सांगितलं. मी विचारलं, लवंग नसती तर तुमच्या यंत्राला कळलं असतं का?

"खरं सांगू, आजी? मला माहीत नाही. कळलंही असतं."

नसतंही, असं ती म्हणेल म्हणून मी थांबले. ती म्हणाली नाही. तिनं कारण अज्ञात खोडून तिथं लवंग लिहिलं आणि मला रिक्षापर्यंत सोडलं.

घरी आले तेव्हा आजोबा नाकात ऑक्सिजनची नळी घालून खिडकीशी बसले होते. मी समोर बसून त्यांना सगळं सांगितलं.

"मला ठाव हाय," ते म्हणाले. "मी तिथंच व्हतो ना."

मी विचारलं, मग तेव्हा बोलला का नाहीत? त्यांना धाप लागत होती. एका वाक्याला दोनदा थांबावं लागत होतं.

"तू इंग्रजीत बोललीस. तेवढ्या पोरीपुढं तुला खोटं पाडू का? तुझी मान खाली गेली असती."

त्यानंतर ते एकोणीस दिवस होते. खाणं तुटलं, मग बोलणं. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

तुमच्या आईनं तेव्हा विचारलं होतं, आधी काही तपासण्या केल्या होत्या का. मी म्हटलं होतं, सगळ्या केल्या. तिला खरं सांगायचं धैर्य मला फोनवर अजून झालेलं नाही. तुमचं वाचून झालं की हे कागद तिला द्या.