केस आहेत तोवर नोकरी

औषधाच्या दुकानात जन्म काढला की असंच होतं. कुणी खोकलं की एक किस्सा आठवतो, कुणी शिंकलं की दुसरा. परवा जावयानं केसगळतीवर तेल विचारलं आणि 'घनकुंतल'चे सगळे किस्से एकदम बाहेर पडले!

*

एकोणीसशे तीसच्या सुमाराची गोष्ट. मोडनिंबहून सोलापुरात नोकरी शोधायला आलो होतो. मंगळवार पेठेतल्या औषधवाल्या मालकांनी शिक्षणबिक्षण काही विचारलं नाही. म्हणाले, "टोपी काढ!"

माझे केस तेव्हा असे दाट, की फणी अडकायची. मालकांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिले.

"खरे आहेत! उद्यापासून ये. उघड्या डोक्यानं काउंटरवर उभं राहायचं आणि आपलं घनकुंतल तेल विकायचं. केस आहेत तोवर नोकरी!"

*

त्या काळी उघड्या डोक्यानं कोण फिरायचं हो? घरात कुणी गेलं तरच. पहिल्या दिवशी चौघांनी तेलाचं सोडून हेच विचारलं, "कोण गेलं रे?"

*

मालक स्वतः पक्के टकले. एका मास्तरांनी विचारलंच, "तुम्ही का नाही लावत?"

मालकांनी पगडी घट्ट केली. "मी लावत बसलो तर तुम्हाला काय उरेल?"

*

माळशिरसचा एक शेतकरी आणखी सहा बाटल्या न्यायला आला. "लई गुण! सर्ज्याला पार टक्कल पडलं व्हतं, केस आलं की!"

मालकांनी लगेच जाहिरात छापली. "श्री. सर्जेराव, माळशिरस, यांचे गेलेले केस परत आले!"

पुढच्या खेपेला मालक म्हणाले, "सर्जेरावांनाही आणायचं की!"

"कसं आणू मालक? नांगराला जुपलाय. जुवानं खांदा घासला व्हता त्याचा!"

*

मग वडील आजारी पडले. गावी गेलो. माझा हात धरून म्हणाले, "माझ्यामागं डोई करू नगंस. नोकरी जाईल." तेच त्यांचं शेवटचं बोलणं.

मी डोई केली. नोकरी गेली तर गेली, बाप काय दुसऱ्यांदा मरणार होता? न्हाव्यापुढं बसून पोटभर रडलो.

चौदाव्या दिवशी निरोप घ्यायला म्हणून दुकानात गेलो. मालक म्हणाले, "टोपी काढ!" काढली. दोन्ही हातांनी डोकं चाचपून पाहिलं. मग म्हणाले, "जा, काउंटरवर उभा राहा. असाच."

पंधरा दिवसांत डोकं काळं दिसायला लागलं. चार महिन्यांत भांग पडला! गिऱ्हाइकं रोज बघत होती. "तुमच्या तेलानं का हो?" असं कुणी विचारलं की मालक म्हणायचे, "मी कशाला सांगू? तुमच्या डोळ्यांदेखत उगवतंय की!"

बार्शीहून माणसं बघायला यायची. तेल पुरेना.

वर्षभरात माझे केस पहिल्यासारखे झाले. मग बघायला काही उरलं नाही. बाटल्यांवर धूळ बसायला लागली.

एका दुपारी मालकांनी स्वतःच्या हातानं मला चहा दिला, शेजारी बसवून घेतलं. पाठीवरून हात फिरवत हळूच म्हणाले,

"काय रे, तुझ्या आईचं वय काय असेल आता?"