मामा, दिवा दिसतो का?

नांदेडच्या कोर्टात तो रिक्षावाला माझ्या शेजारी काडीनं दात कोरत उभा होता. एकाच चौकात, त्याच्या रिक्षामागं माझी स्कूटर, असे आम्ही दोघं लाल सिग्नल तोडला म्हणून पकडले गेलो होतो. न्यायाधीशांनी विचारायच्या आत मी गुन्हा कबूल केला. माझा स्वभावच तसा. शेजारणीचं दूध उतू गेलं तरी वाटतं, माझंच काही चुकलं.

तो मात्र म्हणाला, "कबूल न्हाई. हवालदाराला बोलवा. चौकात त्यांनी मला इचारलं, हितं मी त्यांना इचारतो."

मी दंड भरला, स्कूटर चालवणंही सोडलं. तरी त्याच्या तारखेला गेलो. लायसन जाईल, म्हणून सगळे त्याला घाबरवत होते. वकील नव्हताच. पिंजऱ्यातल्या हवालदाराला त्यानं पानटपरीवर भेटल्यासारखं विचारलं, "मामा, तुमी कुठं उभे व्हता?"

"रसवंतीच्या सावलीत."

"तिथून दिवा दिसतो का?"

"न्हाई. पण समद्या गाड्या थांबल्या व्हत्या."

"कशापायी?"

हवालदारानं टोपी काढून पुन्हा घातली. "वरात चालली व्हती."

न्यायाधीशही हसले. तो सुटला.

बाहेर मी त्याला म्हणालो, "मला तर दिवा लाल दिसला होता हो."

"कवा?"

मी आठवून पाहिलं. "हवालदारानं सांगितल्यावर."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बसा मागं, घरी सोडतो. कुणी शिट्टी मारली तर तुमी फकस्त गप बसा."