घारीच्या एकवीस पिशव्या

आमच्या घरात साधं बोलणंही ओरडून व्हायचं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कमी ऐकू येत असे. नंदुरबारकडचं गाव सोडून ते सुरतेला आले तेव्हा विशीत होते, आणि मी शाळेत जायला लागेपर्यंत यंत्रमागांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले होते. डिंडोलीतल्या एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो. आबांची पाळी बारा तासांची. माय घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायची. गोंदाने तिच्या बोटांचे ठसे पुसले गेले होते. कुठे अंगठा उठवायची वेळ आली की कारकून तिला तीन-तीनदा हात पुसायला लावायचा. साड्यांचा गठ्ठा घरात आला की आमची अंथरुणं बाहेर ओट्यावर जायची, कारण शेठच्या मालाला धूळ लागलेली चालत नसे. पावसाळ्यात ओटा ओला असायचा, तेव्हा आम्ही भावंडं भिंतीला टेकून बसल्या-बसल्या झोपायचो.

कीव करून घ्यायला हे लिहीत नाही. मी कुठून आले ते ठाऊक असल्याशिवाय पुढचं कळणार नाही, एवढंच.

आबांची एक सवय होती. मागावर तार तुटली आणि ते लक्षात यायला उशीर झाला, तर कापडात तेवढी उभी चीर राहते. बाकीचे कारागीर तो भाग तसाच गुंडाळून टाकायचे. तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटला तर सुटला. आबा माग थांबवायचे आणि त्या जागी कापडाच्या काठाला लाल दोरा बांधायचे, म्हणजे तपासणाऱ्याला चूक शोधत बसावं लागू नये. मी डबा घेऊन जायची तेव्हा शेजारच्या मागावरचा माणूस माझ्याकडे बघून ओरडायचा, "तुना बापले इनाम भेटनार शे, चुका मोजीसन!" आबांना निम्मं ऐकू यायचं, पण तोंडं बघून कळायचं. ते एवढंच म्हणायचे, "दपाडेल चूक पुढे कोनाना तरी आंगवर फाटस." दपाडेल म्हणजे लपवलेली.

मला तेव्हा त्यांचा राग यायचा. सगळे लपवतात, मग आपणच का?

मी बी.एस्सी. झाले, भौतिकशास्त्र घेऊन. आमच्या दोन्हीकडच्या नात्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी अभिमानाने सांगते आणि सांगत राहणार. निकालाच्या दिवशी मायने गल्लीत साखर वाटली आणि एका बाईने विचारलं, "आते इमान उडाडनार का तुनी पोर?" ती थट्टेत बोलली होती. पण त्याच वर्षी एका छोट्या खासगी विमान कंपनीने सुरतेच्या धावपट्टीवरून मुंबईची रोजची सकाळची फेरी सुरू केली, आणि तिथे कागद भरायला पदवीधर हवा होता.

डिंडोलीहून स्टेशन आणि स्टेशनहून डुमसकडे जाणारी बस, असा दीड तासाचा रस्ता. तिकडे गवतात एक धावपट्टी, एक छोटी इमारत, आणि इमारतीत आमची खोली: एक टेबल, एक भिंतीवरचं घड्याळ, कंपनीचा रेडिओ आणि सामान तोलायचा काटा. कामाला डिस्पॅच म्हणायचे. विमानात किती माणसं, किती सामान, किती इंधन, वाटेत हवा कशी, हे सगळं कागदावर मांडायचं आणि वैमानिकाच्या हातात द्यायचं. त्यातला मुख्य कागद म्हणजे लोडशीट. एकूण वजन तर त्यात असतंच, पण वजन कुठे आहे ते त्याहून महत्त्वाचं. एकोणीस जणांचं विमान म्हणजे एक लांब दांडी समजा, मध्ये धरून उचललेली. मागे जास्त भरलं तर शेपूट खाली बसतं. लोडशीटवर एक आलेख असतो, त्यात एक चौकट असते, आणि सगळी बेरीज करून जो ठिपका येतो तो त्या चौकटीत पडला पाहिजे. मी हे दोन दिवसांत शिकले. गणिताची मला भीती नव्हती.

मला शिकवणारे आमचे वरिष्ठ खास सुरती, पन्नाशीचे, डिस्पॅचरची सरकारी मंजुरी असलेले एकटेच. मी त्यांना काका म्हणायची, ते मला बेन म्हणायचे. माझ्या शीटवर मंजुरीची सही त्यांची असायची. त्यांची नजर अशी की दारातून व्यापारी आत आला की त्याचं वजन सांगायचे. "एक्याऐंशी," ते पुटपुटायचे, आणि काटा एक्याऐंशीच दाखवायचा. रोजचेच प्रवासी होते, हिरेवाले आणि कापडवाले. एका शेठने तर काट्यावर चढायला नकारच दिला होता, "मी काय वांगं आहे?" म्हणून. तेव्हापासून काकांनी काटा भिंतीकडे सरकवला आणि प्रवासी यायच्या आत शीट भरायची पद्धत पाडली. बुधवारी एवढे, शुक्रवारी एवढे, हातातलं सामान माणशी चार किलो. आकडे नेहमी जुळायचे. महिन्याभरात मीही तसंच भरू लागले आणि मला ते कसब वाटू लागलं. आठ वाजता शीट तयार, बाजूला चहा. काका म्हणायचे, "बेन तो फर्स्ट क्लास!" आणि मी फुलायची.

आधी भरलेली शीट म्हणजे अंदाज, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी पदवीधर होते. मला कळत होतं.

ऑक्टोबर होता. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सुरतेत चंदी पडवा असतो आणि त्या दिवशी सगळं शहर घारी खातं. मावा, सुकामेवा आणि वर तुपाचा थर, अशी ती जड मिठाई. आदल्या दिवशी काकाच म्हणाले होते, "सुरती माणूस एक वेळ बायकोला घरी विसरेल, घारी नाही विसरणार." आम्ही दोघंही हसलो. आणि दोघांच्याही डोक्यात आलं नाही की उद्या सकाळी मुंबईला जाणारा प्रत्येक जण तिथल्या नातेवाइकांसाठी घारी नेणार.

त्या सकाळी सोळा प्रवासी होते. शीट मी साडेसातलाच भरली होती. काकांनी सही केली आणि ते नाश्त्याला गेले. कॅप्टनने कागद घेतला, ठिपका चौकटीत बघितला, सही केली. विमान सुटलं. मी खिडकीतून पाहत होते. ते नेहमीपेक्षा लवकर नाक उचलतंय असं मला वाटलं, पण असं वाटायचं कारण त्या वेळी मला कळलं नाही.

आमचा सामान चढवणारा गडी गोडादऱ्याचा, आमच्याच भागातला. तो घाम पुसत आत आला, हातात एक पिशवी. "ताई, आज इमान नही, मिठाईनी गाडी गयी. सीटखाले मावत नव्हती, मांगनी जाळी पार छतलोंग भरी दिधी. एकवीस पिशव्या! ही एक शेठनी आपलेसाठे दिधी."

शेवटच्या रांगेमागे सामानासाठी जाळी होती. शेपटाच्या अगदी जवळ.

त्याने पिशवी टेबलावर ठेवली तेव्हा टेबल दणकलं. मी ती उचलून काट्यावर ठेवली. सहा किलो. पाच डबे, प्रत्येक डबा किलोच्या वर.

"सगळ्या अशाच?"

"अशाच. एकच दुकानन्या."

एकवीस सक एकशे सव्वीस किलो, सगळं शेवटच्या टोकाला. मी कोरी शीट ओढली आणि पहिल्यापासून मांडली. ठिपका चौकटीच्या मागे, बाहेर पडला. पुन्हा मांडली. पुन्हा तिथेच.

वर गेलेलं विमान वर राहतं. वेग असतो तोवर निभतं. धोका उतरताना. वेग कमी होतो, आणि शेपूट जड असलं तर नाक आवरत नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं, आणि पुस्तक समोरच्या खणात होतं. उपायही माहीत होता. इंजिनांच्या पंख्यांच्या आवाजामुळे पुढच्या सीटवर कोणी बसत नसे. त्या दिवशी पुढच्या तीन सीटा रिकाम्या होत्या. मागचे तिघे पुढे आणले आणि काही पिशव्या पुढे हलवल्या की ठिपका आत येत होता. त्यासाठी फक्त कॅप्टनला सांगायला हवं होतं. रेडिओ माझ्या हातापासून वीतभर लांब होता.

मी तो उचलला नाही.

का, ते खरं लिहिते. माझ्या उमेदवारीचा सहावा महिना चालू होता. तो संपला की मी कायम होणार होते. माझ्या पगाराच्या भरवशावर मायने टिकल्यांचं काम निम्म्यावर आणलं होतं. मी स्वतःला म्हटलं, उडालं ना नीट, उतरेलही नीट. कॅप्टन अनुभवी आहेत. काका येऊ देत. मी तिसऱ्यांदा बेरीज केली, आणि ती बेरीज तपासण्यासाठी नव्हती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं गेली. विमानात सोळा माणसं, दोन वैमानिक. त्यांतल्या बहुतेकांचं वजन मला पाठ होतं.

गडी माझ्याकडे बघत उभा होता. त्याला काही कळलं नव्हतं. "ताई, घारी फोडू का?" त्याने विचारलं.

मी रेडिओ उचलला. माझा आवाज मलाच ओळखू येईना. मागच्या जाळीत अंदाजे एकशे सव्वीस किलो जास्त आहे, शीटमध्ये धरलेलं नाही, मागचे तिघे पुढच्या सीटवर घ्या, पिशव्या पुढे हलवा.

क्षणभर खरखर. मग कॅप्टनचा आवाज. "तौला था?"

"नहीं सर."

"शीट किसने भरी?"

"मैंने."

"ठीक है. स्टँडबाय."

बराच वेळ काही नाही. मग, "तीन लोग आगे. बैग भी." आणि रेडिओ बंद. मुंबईहून उतरल्याचा निरोप येईपर्यंत मी खुर्चीवरून उठले नाही. निरोप आला तेव्हा रडूही आलं नाही.

काका नाश्ता करून आले, ऐकलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी दार लोटलं. "बेन, अहवाल मागतील. असं लिही की शीट झाल्यावर लोडरने न सांगता सामान मागे टाकलं. खोटं थोडंच आहे? त्याने सांगितलं नव्हतंच ना."

"त्याला कोणी विचारलं नव्हतं, काका."

"बहु डाही न था," ते चिडले. फार शहाणी होऊ नकोस. "तो उद्या इच्छापोरला कुठल्याही कारखान्यात लागेल. तू कुठे लागशील?"

त्यांचं म्हणणं व्यवहाराचं होतं. त्यांची स्वतःची सहीही त्या शीटवर होती आणि त्यांना निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती. मी त्यांना वाईट माणूस म्हणत नाही. मला ते काम त्यांनीच शिकवलं, त्यातलं चांगलंही.

मी अहवाल घरी नेला. आबा पाळीवरून आले होते, जेवत होते. मी त्यांच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. अर्ध्या गल्लीने ऐकलं असेल. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "मानसं पोचनात ना?"

"पोचनात."

त्यांनी घास संपवला. पाणी प्यायले. मग म्हणाले, "मंग दोरा बांध. आनि बरोबर जागावर बांध. चार बोटं बाजूले नको."

चार मिनिटांचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. रेडिओच्या वहीत मी बोलले ती वेळ होती, विमान सुटल्याची वेळ होती. पण मला कळलं कधी, ते कुठेच नव्हतं. ते फक्त मला माहीत होतं. अहवालात मी वजन न करता शीट भरल्याचं लिहिलं होतं, आणि ते लिहून मला थोडं मोठंही वाटत होतं. आबांच्या त्या बोलण्यावर मी तो कागद फाडला आणि दुसरा लिहिला. त्यात शेवटी एक ओळ होती: "चूक माझ्या लक्षात आल्यानंतर मी चार मिनिटं कळवलं नाही. कारण नोकरीची भीती."

मुंबईहून कामकाजाचे प्रमुख आले. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि चष्मा काढला. "हे विचारलं नसतं तुम्हाला कोणी," ते म्हणाले. माझी उमेदवारी सहा महिन्यांनी वाढली आणि शीट भरण्याचं काम काढून घेतलं. काकांना लेखी समज मिळाली. ते दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मला काट्यावर उभं केलं गेलं. प्रवासी आला की त्याला आणि त्याच्या हातातलं सगळं तोलायचं. शेठ लोक कुरकुरायचे. "भणेली छोकरी ने काटा पर!" एक जण हसून म्हणाला. शिकलेली मुलगी आणि काट्यावर. मी म्हटलं, "हो. चढा."

वांगंवाले शेठही आले आणि अडले. त्यांच्या मागून कॅप्टन आत आले. त्या दिवसानंतर ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. ते सरळ पुढे झाले, आपली बॅग हातात घेऊनच काट्यावर चढले आणि म्हणाले, "लिखो." मी लिहिलं. शेठही चढले.

रात्री जेवणं झाली की साड्यांच्या गठ्ठ्याशेजारी बसून मी डिस्पॅचरच्या परीक्षेची पुस्तकं वाचली. पहिल्यांदा हवामानाच्या पेपरात नापास झाले, दुसऱ्यांदा सगळ्या पेपरांत पास. मंजुरीचं पत्र आलं तेव्हा काकांनी ते माझ्याआधी वाचलं आणि स्वतःचं पेन माझ्यापुढे ठेवलं. "आजची तू कर," ते म्हणाले. प्रवासी तोलून झाले होते. मी शीट भरली आणि सही केली.

ती विमानसेवा त्यानंतर तीन वर्षं चालली. त्या तीन वर्षांत माझ्या सहीने गेलेली प्रत्येक शीट वजन केल्यानंतर भरलेली होती.