टोबणीची चाल

माझ्या काकाचा फोटो देशभरातल्या दुकानांत विकला गेला आणि त्यात काका कुठेच दिसत नाही. खोक्यावर पत्र्याचा एक यंत्रमानव उभा आहे, डोळ्यांच्या जागी दोन लाल दिवे, छातीवर बटणं. आत व्हीसीडींचा संच. आमच्या लहानपणी रविवारी सकाळी टीव्हीवर लागायची ती अंतराळातली मालिका कुणाला तरी इतक्या वर्षांनी आठवली आणि ती अशी बाजारात आली. नागपूरच्या दुकानात तो खोका दिसला तेव्हा मी न राहवून दुकानदाराला म्हटलं, "हा माझा काका आहे." त्याने खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी हवी का म्हणून विचारलं.

त्याला काय बोल लावायचा? खुद्द आमच्या दिग्रसमध्ये तरी कुणाचा विश्वास होता? काका कॉलेज अर्धवट टाकून मुंबईला पळाला तो नट व्हायला. आबा, म्हणजे माझे आजोबा, गावातले नावाजलेले वकील. थोरला मुलगा, माझे बाबा, वकील होऊन त्यांच्याच शेजारच्या खुर्चीत बसलेला. धाकट्याने तोंडाला रंग लावावा हे आबांना पटणं शक्यच नव्हतं. गंमत अशी की तोंडाला रंग लावायची वेळ काकावर आलीच नाही. त्याला काम मिळालं ते पत्र्याच्या आत. चेहरा झाकलेला, आवाज दुसऱ्याच कुणाचा, आणि शेवटी नावं वर सरकू लागली की नेमकी पुढच्या कार्यक्रमाची वेळ झालेली असायची. गल्लीतली पोरं त्या यंत्रमानवाला 'डबा' म्हणत. डब्यात माझा काका आहे, असं मी शाळेत छाती फुगवून सांगितलं, तर एकजण म्हणाला, "अन् माहा मामा टीव्हीच्या मांगून वायर धरून राह्यते." सगळा वर्ग हसला. मी त्याची वही फाडली आणि मार खाल्ला.

आबांनी एकच प्रश्न विचारला होता, वकिलाने विचारावा तसा. "पुरावा काय?"

पुरावा होता. एका दिवाळीला काका घरी आला तेव्हा त्याने मला तो अंगणात दाखवला. "डायरेक्टर म्हणे, यंत्रासारखं चाल. बाकीचे सारे परेड केल्यावानी चालून राह्यलते. मले काही सुचे ना, मंग मी सरकी टोबल्यावानी चाललो. त्यानं मलेच घेतलं." आणि तो चालला. कपाशीचं बी, सरकी, जमिनीत टोबतात तेव्हा बी टाकायचं, पाऊल त्यावर ठेवायचं, माती हलकेच दाबायची, टाच जराशी वळवायची आणि मग पुढचं पाऊल. पाऊल, दाब, टाच, पाऊल. त्या वर्षी मुंबई-दिल्लीची पोरं शाळेच्या मैदानावर अशी चालत होती म्हणे. आमच्याकडच्या शेतांत मृगात बायामाणसं कधीपासून अशीच चालत आली आहेत, पण त्यांना कुणी टीव्हीवर घेतलं नव्हतं.

"कोणी शिकवलं तुला टोबायला?" मी विचारलं.

"आबानं. आणखी कोण?"

आबा शेतकऱ्याचं पोर. वकील झाले तरी मृगात कोर्टाचं काम पुढे ढकलून ते गावाबाहेरच्या आमच्या शेतात जात आणि दोन्ही मुलांना सोबत नेत. पेरणीच्या ओळीत उकिडवं बसून काकाचं चिमुकलं पाऊल हातात धरत आणि मातीवर टेकवत. "एवढंच दाब. जास्त दाबलं तं कोंब गुदमरते." बाबांना ते कधीच नीट जमलं नाही. काकाला पहिल्याच वर्षी जमलं.

म्हणजे आबांनी एकदा, नुसतं एकदा टीव्हीकडे पाहिलं असतं, तर दुसरा कुठलाही पुरावा लागला नसता. तेवढंच त्यांनी केलं नाही. रविवारी मालिकेची धून सुरू झाली की ते उठत, ऑफिसच्या खोलीत जात आणि दार लावून घेत. आत पक्षकार नसत, काही नसे. मला त्या दाराचा अजून राग येतो.

मालिका संपली. पत्र्यातल्या माणसाला दुसरं काम कोण देणार? काही वर्षं इकडेतिकडे करून काका परत आला आणि शेत बघू लागला. आबा आणि तो एकाच पंगतीला जेवत. फवारणीवर बोलत, वेचणीवर बोलत, कुठल्या जिनिंगमध्ये कापूस न्यायचा यावर तर तासभर वाद घालत. डब्याचं नाव मात्र दोघांपैकी कुणी काढलं नाही.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं आणि ते वाचून बाहेरचे लोक आमच्याशी हळू आवाजात बोलायचे. चॅनलवाल्यांच्या गाड्या मारेगावपासून पुसदपर्यंत फिरायच्या. एक गाडी काकाच्या शेतापाशी थांबली. हातात वाळलेलं बोंड धरा, वर आभाळाकडे बघा, हसू नका, असं त्यांनी सांगितलं. काकाने अगदी सांगितलं तसं केलं. डायरेक्टरचं ऐकायची जुनी सवय. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे टीव्हीपुढे बसलो. काकाचा चेहरा आयुष्यात पहिल्यांदा पडद्यावर दिसला, खाली लिहिलं होतं 'यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी'. "काय शॉट देल्ला!" म्हणून काका हसला आणि पाणी प्यायला आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही.

आबा तेव्हा पलंगावर बसलेले होते. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. त्यांनी विचारलं, "कोण होता रे?"

"आपलाच," बाबा म्हणाले.

"पाह्यला असता," आबा म्हणाले. एवढंच. पण त्यानंतर मी दिग्रसला गेले की ते हळूच विचारायचे, "ते डब्याचं पुन्हा नाही लागत का कुठं?" काकासमोर कधी विचारलं नाही. म्हणून नागपूरला तो खोका दिसला तेव्हा मी किंमतही न विचारता तो घेतला, आणि आबांना डोळे नाहीत हे घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नाही.

गुढीपाडव्याला दुपारी, लाइट आहे तोवर म्हणून, आम्ही संच लावला. आबांनी स्वतः सांगितलं, "लावा." दार उघडंच होतं. धून वाजली. काका भिंतीला टेकून उभा होता, लग्नाच्या बैठकीत मुलीचा बाप उभा राहतो तसा. यंत्रमानव बोलू लागला.

"हा आवाज याचा नोहे," आबा म्हणाले.

"नाही आबा. आवाज दुसऱ्याचा," मी म्हणाले.

"अन् तोंड?"

"झाकलेलं."

आता आबांनी काकालाच विचारलं. "मंग त्याच्यात तू कुठं आहे?"

उलटतपासणी नव्हती ती. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. काका म्हणाला, "चालण्यात आहो, आबा."

"चालून दाखव."

पन्नाशीचा, गुडघे धरलेला काका खोलीच्या मधोमध आला. पडद्यावर डबा चालत होता, इथे काका. पाऊल, दाब, टाच, पाऊल. आबा पलंगाची कड धरून खाली उतरले, जमिनीवर उकिडवे बसले आणि दोन्ही हात पुढे केले. "पाय दे इकडं. पाय ठेव हातात."

काका जागीच थबकला. मग विंचू दिसावा तसा मागे सरला. "नका हो आबा, असं नका करू. पाप लागन मले." आणि तो खाली वाकला, गुडघ्यांची पर्वा न करता, आणि त्याने आबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

आईने पदर डोळ्यांना लावला. बाबांनी नाक शिंकरलं. मलाही भरून आलं, सगळं मिटलं असं वाटलं. आमच्यासारख्या घरात याहून मोठं काय घडणार? आबांचे हात तसेच पुढे होते, रिकामे. थोड्या वेळाने त्यांनी ते काकाच्या पाठीवर ठेवले. "बरं," ते म्हणाले. "उठवा मले." मग म्हणाले, "बंद करा ते."

पुन्हा त्यांनी कधी लावायला सांगितलं नाही. कापूस घरात यायच्या आतच ते गेले.

पुढच्या मृगात मी काकासोबत शेतात होते. तो टोबत होता, मी मागून सरकीची पिशवी घेऊन. ओळीच्या मध्यावर तो एकाएकी थांबला. स्वतःच्या पावलाकडे बघत राहिला, मातीत दबलेल्या.

"आबानं पाय मांगितला होता," तो म्हणाला. "अन् मी डोकं देल्लं."